कोणत्या विषयाला कोणता रंग?

शाळा सुरू झाली की घरोघरी वह्यांना कव्हरे घालण्याची धांदल उडते. गणिताला निळे, विज्ञानाला हिरवे, मराठीला तांबडे, अशी वाटणी मुले मोठ्या हौसेने करतात. शेजारच्या मुलीने गणितालाच तांबडे कव्हर घातलेले दिसले म्हणजे वादाला तोंड फुटते. या वादात खरे कोणाचे?

विचारान्ती असे दिसते की, रंग आणि विषय यांचे नाते उपजत नाही. ते जोडावे लागते. कव्हराचा रंग दप्तरातून वही चटकन सापडावी एवढ्यापुरता उपयोगी. परंतु वहीच्या आत रंगाला ठराविक अर्थ दिला, म्हणजे तोच रंग शिकवू लागतो.

बेल्जियममधील जॉर्ज क्विझनेर या शिक्षकाने गणितासाठी रंगीत कांड्या योजिल्या व १९५२ साली आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत दोन सेंटिमीटरची कांडी तांबडी, पाचाची पिवळी, दहाची नारिंगी. दोन पिवळ्या कांड्या जोडून नारिंगीशेजारी ठेवल्या की पाच दुणे दहा हे मूल डोळ्यांनी पाहते. डॉ. माँटेसरी यांच्या पद्धतीत व्याकरणही रंग घेऊन येते: नाम म्हणजे स्थिर असा काळा त्रिकोण, तर क्रियापद म्हणजे गतिमान तांबडे वर्तुळ. रसायनशास्त्रात तर रंग हीच साक्ष. निळा लिटमस लिंबाच्या रसात तांबडा होतो. तांबडा लिटमस चुन्याच्या निवळीत निळा.

भूगोलात मात्र जपून पाऊल टाकावे लागते. स्थलनिर्देशक नकाशात हिरवा रंग झाडी दाखवितो. पण उठावदर्शक नकाशात तोच रंग समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेली भूमी दाखवितो. म्हणून कच्छचे रण तेथे हिरवेगार दिसते, आणि विद्यार्थी त्या खारट, उजाड प्रदेशात अरण्याची कल्पना करून बसतो. तेव्हा नकाशा उघडताच प्रथम सूची वाचण्याची सवय मुलांना लावली पाहिजे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. काही मुलांना तांबडा, हिरवा व तपकिरी यांतील भेद नीट कळत नाही. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. अणुवादाचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांनाही तो होता. स्वतःच्या या दृष्टीविषयी त्यांनी १७९४ साली निबंध वाचला. असा मुलगा नकाशात डोंगराच्या जागी मैदान रंगवतो आणि निष्काळजी म्हणून बोलणी खातो. आपल्याला काय दिसत नाही, हे त्या बिचाऱ्याला तरी कसे उमगावे?

उपाय सोपा आहे. रंगाला कधी एकटे पाठवू नये. क्विझनेरच्या कांड्यांत रंगाबरोबर लांबी आहे, माँटेसरींच्या चिन्हांत आकार आहे. त्याचप्रमाणे नकाशात रंगाबरोबर रेघोट्या, ठिपके किंवा अक्षरे असावीत. रंगपेटीतील खडूंवर रंगांची नावे लिहावीत.

राहिला कव्हरांचा वाद. तेथे ज्याला जो रंग आवडेल तो त्याने खुशाल घ्यावा; मात्र वर चिठ्ठी चिकटवून विषयाचे नाव ठसठशीत अक्षरांत लिहावे.