पोत्यातला उंदीर

मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या तुम्ही धक्क्यावर माल वाहणारे हमाल पाहिले असतील. समजा, तांदळाच्या पोत्यात एक उंदीर दडून बसला. हमालाला ते ठाऊक नाही. तो पोते उचलतो आणि उंदीर न चालता गोदामात पोचतो! आपल्या डोळ्यांतही असेच घडू शकते.

खुपरी या रोगाचे नाव तुम्ही ऐकले असेल. उर्दूत तिला ‘रोहे’ म्हणतात. पापणीच्या आत बारीक दाणे उठतात. रोग पुन्हापुन्हा झाला तर पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासतात आणि शेवटी दृष्टी जाते. हा रोग क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूमुळे होतो.

हा जिवाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही. पेशीत शिरल्यावर त्याला मध्यभागी, केंद्रकाजवळ जायचे असते. कारण त्याला लागणारा स्निग्ध पदार्थ तेथे मिळतो. पण त्याला ना पाय, ना शेपटी. मग तो जातो कसा?

पेशीत बारीक नळ्यांचे जाळे असते. त्यांवरून काही प्रथिने खरोखरच पावले टाकत ओझी वाहतात. डायनीन हे प्रथिन पेशीच्या मध्याकडे चालते. त्याचे एक पाऊल साधारण ८ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरचा सव्वा लाखावा भाग! जिवाणू एका पातळ पिशवीत बसलेला असतो. डायनीन ती पिशवी ओढत नेते. २००३ साली अमेरिकेतील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी डायनीनला अडवून पाहिले. तेव्हा जिवाणू मध्यापर्यंत पोचलेच नाहीत.

एरवी तो तेथे पोचतो, रूप बदलतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतात. दोन-तीन दिवसांत पेशीतून शेकडो जिवाणू बाहेर पडतात.

मग डायनीन बंद पाडणारे औषध का देत नाहीत? कारण हा हमाल आपलाच आहे. आपल्या मज्जातंतूंतही तोच माल वाहतो. म्हणून अझिथ्रोमायसिनसारखे औषध देतात. ते जिवाणूचे प्रथिने बनवण्याचे काम थांबवते.

भारतात १९६३ साली खुपरीविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही. मात्र ज्या वृद्धांच्या पापण्या पूर्वीच आत वळल्या आहेत, त्यांना औषध पुरत नाही. शस्त्रक्रिया करावी लागते.