गोलात बसायचा तास

आठवीत आमच्या वर्गात एक मुलगी होती. रोज दुसऱ्या तासाला उगवायची, बाईंना उलट उत्तर द्यायची आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात उभी. सगळ्या शिक्षकांच्या तोंडी तिच्यासाठी एकच शब्द असायचा: थोराड. वयानं ती आमच्याएवढीच होती.

अमेरिकेत या 'थोराड' दिसण्यावर रीतसर संशोधन झालं आहे. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदा विभागानं २०१७ साली मोठ्या माणसांची मतं तपासली. अगदी पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीसुद्धा त्यांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा जाणत्या वाटत होत्या. त्यांना माया कमी दिली, कमी जपलं तरी चालतं, असा समज होता. एकदा मुलगी जाणती ठरली की तिची प्रत्येक चूक मुद्दाम केलेली ठरते. २०११-१२ च्या सरकारी आकडेवारीत १२ टक्के कृष्णवर्णीय मुलींना शाळेनं काही दिवसांसाठी काढून टाकलेलं दिसतं. गोऱ्या मुलींमध्ये हेच प्रमाण २ टक्के.

त्याच २०११ मध्ये शिकागोत अशा मुलींसाठी 'वर्किंग ऑन वुमनहुड' हा उपक्रम सुरू झाला. सगळे त्याला 'वॉव' म्हणतात. तो चालवणारी 'यूथ गायडन्स' ही संस्था १९२४ पासूनची. मुलांसाठी तिचा 'बिकमिंग अ मॅन' हा उपक्रम आधीपासून होताच. मुलींची वेळ, नेहमीप्रमाणे, नंतर आली.

रचना साधी आहे. आठवड्यातून एक तास, मोजक्या मुली, गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि त्याच गोलात बसलेली प्रशिक्षित समुपदेशक. स्वतःची ओळख, भावना सांभाळणं, निकोप नाती, पुढची स्वप्नं, नेतृत्व असे वर्षभराचे विषय. कागदावर हे कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरासारखं वाटेल. फरक आहे तो वेळेचा आणि माणसाचा. हा तास शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला असतो. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना आणायला धावणारी मुलगीही त्यामुळे सुटत नाही. आणि समुपदेशक शाळेतच असते, जेवणाच्या सुट्टीतही भेटणारी.

या मुली काय सोबत घेऊन वर्गात येतात, हे शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी विचारलं. जवळजवळ ३० टक्के मुलींनी कुणावर तरी जीवघेणा हल्ला किंवा कुणाचा खून डोळ्यांनी पाहिला होता. सुमारे ३८ टक्के मुलींमध्ये आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं होती; इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांतल्या प्रमाणाच्या दुप्पट.

आता ही लक्षणं वर्गात कशी दिसतात ते पाहा. रात्र जागून काढलेली मुलगी पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकते: आळशी. मागून कुणी खांद्याला हात लावला की दचकते आणि तो हात झटकून टाकते: भांडखोर. सरांचा आवाज चढला की हिचा त्याहून चढतो: उद्धट. शेरेबुकात तिन्ही शेरे अचूक असतात, आणि तिन्हींतून काहीच कळत नाही.

उपक्रमाचा उपयोग होतो का, हे तपासायला २०१७ ते २०१९ या काळात ३,७४९ विद्यार्थिनींचा अभ्यास झाला. कुणाला प्रवेश द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलींची तुलना केली. तास करणाऱ्या मुलींमध्ये आघाताची लक्षणं २२ टक्क्यांनी घटली. नैराश्य आणि चिंताही कमी झाली. आठवड्याला एका तासाच्या मानानं हे बरंच आहे.

तरी मला एक खटकतं. गोलात मुलीलाच शिकवलं जातं: राग ओळख, श्वास घे, मग बोल. तिच्यावर ओरडणाऱ्या सरांसाठी मात्र असा गोल नाही. घंटा होते, खुर्च्या पुन्हा रांगेत लागतात आणि ती पुढच्या तासाला त्यांच्याच वर्गात जाते.

आमच्या वर्गातली ती मुलगी रोज उशिरा का यायची, ते मला फार नंतर तिच्या बहिणीकडून कळलं. पहाटे दोघी मिळून सात घरी दूध टाकायच्या.