नव्या रंगाखालचं जुनं विमान

१९६३ मध्ये केडी ४३१ क्रमांकाचं, दुसऱ्या महायुद्धातलं एक कॉर्सेअर लढाऊ विमान ब्रिटिश नौदलाच्या येओव्हिल्टन इथल्या विमान संग्रहालयाकडे आलं, आणि लोकांपुढे ठेवायचं म्हणून त्याला नखशिखांत नवा रंग देण्यात आला. त्या काळी सगळीकडे असंच करत. जुनं विमान आलं की घासायचं, रंगवायचं आणि उभं करायचं. पुढे जवळपास चार दशकं प्रेक्षक जे कॉर्सेअर पाहत होते, ते खरं तर १९६३ चा रंग होतं.

या शतकाच्या सुरुवातीला त्याची निगा पुन्हा हाती घेतली, तेव्हा संग्रहालयातल्या डेव्हिड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की रंग देणाऱ्यांनी खालचा मूळ थर पुरता काढलेलाच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या गुडइयरच्या कारखान्यातून विमान बाहेर पडलं तेव्हाचा रंग आत तसाच होता. मग पुन्हा रंगकाम करण्याचा विचार बाजूला पडला. वरचा थर हातानं, बोटाबोटाच्या अंतरानं उतरवायचा आणि खालच्या थराला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असं ठरलं. या कामाला काही वर्षं लागली. उडवायचं नसलेल्या विमानाच्या बाबतीत याहून मोठं काम मला माहीत नाही.

हे विमान वाचलं होतं तेच मुळात नवल. ब्रिटनला दोन हजारांच्या आसपास कॉर्सेअर मिळाली ती अमेरिकेच्या ‘लेंड-लीज’ योजनेतून, म्हणजे उसनी. युद्ध संपल्यावर ती परत करा, विकत घ्या नाहीतर नष्ट करा, असा करार होता. खजिना रिकामा झालेल्या ब्रिटननं बरीच विमानं विमानवाहू नौकांच्या डेकवरून समुद्रात ढकलून दिली. केडी ४३१ मात्र १९४६ मध्ये क्रॅनफिल्डच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शिकवायच्या कामी लागलं आणि बचावलं.

कॉर्सेअर ओळखायचं त्याच्या वाकड्या पंखांवरून. नाकात अठरा सिलिंडरचं, दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन आणि त्यापुढे चार मीटर व्यासाचा पंखा. हा पंखा डेकला घासू नये म्हणून विमान उंच हवं, पण चाकांचे पाय लांब केले तर डेकवर आदळताना ते मोडणार. म्हणून पंख मुळाशी खाली वाकवला आणि सर्वांत खालच्या जागी आखूड, मजबूत पाय बसवले. ब्रिटिश नौकांवरची डेकखालची हँगर ठेंगणी होती, घडी घातलेले पंख तिथे मावत नव्हते. तेव्हा ब्रिटिशांनी प्रत्येक पंखाचं टोक वीसेक सेंटिमीटर छाटलं.

वरचा रंग उतरला तसे कारखान्यातले शिक्के, सूचना, दुरुस्तीच्या जागा आणि नौदलाच्या खुणा दिसू लागल्या. कागदपत्रं हरवतात, माणसं जातात. पण कुठला भाग कधी बदलला, कुठे घाईनं ब्रश फिरवला, हे पत्र्यावर राहतं. नवा रंग कितीही अचूक असला तरी तो आजच्या माणसानं काढलेला अंदाज असतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये उतरवला आणि मूळ रूप समोर आलं, तेव्हा ज्यांनी दर्शन घेतलं त्यांना येओव्हिल्टनच्या मंडळींना काय वाटलं असेल ते सांगावं लागणार नाही. पुढे याच पद्धतीनं संग्रहालयानं ग्रमनच्या मार्टलेट विमानाचाही मूळ रंग उघडा केला. ते मुळात फ्रान्सनं मागवलेलं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि ते ब्रिटनकडे वळलं.

उडवायच्या विमानाचा हिशेब वेगळा. तिथे जुन्या पत्र्यावर भरवसा ठेवता येत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला खारं पाणी लागलं की धातू आतून थरांनी सुटतो, फुगतो आणि रिव्हेटची डोकी उडतात. मॅग्नेशियमचे भाग तर समुद्रात विरघळूनच जातात. मग पत्रे नव्यानं घडवायचे आणि हजारो रिव्हेट बसवायचे. त्यातले काही रिव्हेट तापवून, थंड करून थेट फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर ते थोडा वेळच मऊ असतात, तेवढ्यात ठोकावे लागतात. नंतर ते कडक होतात. अशी विमानं आकाशात पाहणं थरारक असतं आणि ती उडती ठेवणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांत मूळ धातू किती उरला हे प्रत्येकानं मोकळेपणानं सांगावं, असंही वाटतं.

मूळ धातू सर्वांत चांगला टिकला तो समुद्रापासून दूर, शिकागोजवळच्या मिशिगन सरोवरात. युद्धकाळात अमेरिकी नौदलानं चाकावर चालणाऱ्या दोन प्रवासी आगबोटींवर डेक चढवून ‘वुल्व्हरिन’ आणि ‘सेबल’ या सरावाच्या विमानवाहू नौका केल्या. शत्रूच्या पाणबुड्या तिथे पोचणं शक्य नव्हतं. हजारो वैमानिक तिथे उतरायला शिकले आणि शंभराहून अधिक विमानं तळाशी गेली. पाणी गोडं आणि थंडगार, म्हणून पन्नास वर्षांनीही रंग शाबूत. १९९४ मध्ये वर काढलेलं एक डाँटलेस विमान तर मिडवेच्या लढाईतून परतलेलं निघालं. ते पुढे पेन्साकोलाच्या संग्रहालयाकडे गेलं. मात्र अलीकडच्या दशकांत बाहेरून आलेले शिंपले या सरोवरात माजले आहेत आणि तळाच्या विमानांवर त्यांची पुटं चढतात. तिथे थांबायला फारसा वेळ नाही.

वेळ आपल्याकडेही नाही. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोला भारतीय नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे महायुद्धाच्या काळात घडलेल्या जातीचं फेअरी फायरफ्लाय आहे. आपल्या नौदलानं ते तोफांच्या सरावासाठी निशाणं ओढायला वापरलं. तिथेच सी हॉक आहे. ४ डिसेंबर १९७१ ला ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ला केला तो याच जातीच्या विमानांनी. ही विमानं उघड्यावर आहेत. समोर समुद्र, वर्षातले चार महिने पाऊस. अशा जागी रंग हेच त्यांचं चिलखत. येओव्हिल्टनसारखा जुना थर उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत पत्रा खाल्ला जाईल. तिथे रंग द्यायलाच हवा.

पण जुना थर घासण्याआधी तळहाताएवढी एखादी जागा हळूच उघडून पाहता येते, खाली किती थर आहेत ते मोजता येतं, सापडेल त्या अक्षराचा फोटो काढून ठेवता येतो. याला पैसा फार लागत नाही, लागते ती सवड. आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे जी केडी ४३१ वर काम करणाऱ्यांना सहज मिळणारी नव्हती. १९७१ मध्ये ‘विक्रांत’वर सी हॉकची देखभाल केलेले फिटर आणि आर्मरर आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांतले काही गोव्यात, कोकणात, पुण्या-मुंबईत निवृत्त आयुष्य जगत असतील. कुठल्या झाकणाखाली काय होतं, कुठली खूण कशासाठी रंगवायचे, हे त्यांना विमानाजवळ नेऊन विचारायला हवं, आणि तेही रंगाचा पुढचा हात मारण्याआधी.