घसारा कोणी ठरवायचा?

कष्टकऱ्याच्या घरात संगणक येतो तो सहजासहजी येत नाही. भिशीचा नंबर लागतो, त्यात कारखान्याच्या बोनसची भर पडते, घरची बाई डब्यात साठविलेले पैसे काढून देते आणि मग एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला जुना संगणक आठ-दहा हजार रुपयांत घरी येतो. मुलगी त्यावर मराठी टंकलेखन शिकते. धाकट्याचा शाळेचा प्रकल्प त्यावर होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज सायबर कॅफेच्या रांगेत उभे न राहता घरीच भरता येतो. काम झाले की धूळ बसू नये म्हणून त्यावर जुन्या साडीचे झाकण पडते. घरातल्या शिलाई मशीनला जो मान, तोच या यंत्रालाही मिळतो.

असे सर्व सुरळीत चाललेले असताना १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आला आणि विंडोज १० चा आधार संपल्याचे मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे घडले. पडद्यावर सूचना झळकू लागल्या. यंत्राला काय झाले म्हणून कुणी दुकानात विचारले, तर साधारण एकच उत्तर मिळे : "बिघाड काही नाही. पण याच्यावर विंडोज ११ चढत नाही. भंगारात द्या आणि नवा घ्या."

वाचक बंधुभगिनींनो, बिघाड नाही, तरीही भंगार! या एका वाक्याचा जमाखर्च आज आपण मांडून पाहू.

वहीतला घसारा आणि कंपनीचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच घसारा शिकवितात. यंत्र वापराने झिजते, म्हणून दरवर्षी त्याची किंमत वहीत थोडी थोडी कमी करायची. आयकराच्या हिशेबात संगणकावर पूर्वी ६० टक्के घसारा मिळत असे, तो २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ४० टक्के झाला. पण वहीत किंमत शून्याजवळ आली म्हणून कोणी चालते यंत्र उचलून फेकत नाही. घसारा कागदावर असतो, यंत्र टेबलावर काम करीत असते. ते कधी टाकायचे हे त्याचा मालक ठरवितो.

विंडोज १० च्या बाबतीत मात्र उलटे झाले. यंत्र आपले, पैसे आपले, वीजबिल आपले. आणि ते कोणत्या तारखेला जुने झाले हे ठरविले कंपनीने.

प्रकार नीट समजून घ्यावा. विंडोज म्हणजे संगणक चालविणारे मूळ सॉफ्टवेअर. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये बाजारात आले आणि विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये. या अकराव्या आवृत्तीसाठी कंपनीने अट घातली की, संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही ठराविक यादीतलाच हवा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला कोणी कोरा करकरीत संगणक घेतला असेल, तर अवघ्या चार-पाच वर्षांत तो नव्या आवृत्तीला अपात्र ठरला. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज वर्तविला होता की, यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडतो असे नव्हे. तो चालूच राहतो. फक्त सॉफ्टवेअरमध्ये सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावणे कंपनी थांबविते. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. घराचे कुलूप जुने झाले, चोराला त्याची किल्ली सापडली आणि कुलूपवाला म्हणाला की आता मी दुरुस्ती करणार नाही, तशातला हा प्रकार.

एकाच ठिगळाचे चार भाव

कंपनीचीही बाजू ऐकली पाहिजे. जुने सॉफ्टवेअर सांभाळायला माणसे लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो. नव्या यंत्रातील सुरक्षेची सोय चांगली आहे, हेही खोटे नाही. दहा वर्षे एक आवृत्ती सांभाळली, हे श्रेयही द्यावे.

परंतु खरी गोम पुढे आहे. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ची ठिगळे तयार होणे थांबले का? नाही. ती तयार होतच राहिली, फक्त ती विकायला काढली गेली. मोठ्या संस्थांना पहिल्या वर्षासाठी एका संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शाळा-महाविद्यालयांना पहिल्या वर्षी केवळ १ डॉलर. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षासाठी ३० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार रुपयांहून अधिक. पैसे द्यायचे नसतील तर दुसरा मार्ग ठेवला : कंपनीचे खाते उघडा, आपल्या संगणकाची मांडणी त्या खात्यात साठवू द्या, आणि तेच ठिगळ फुकट घ्या.

आता कारकुनाच्या नजरेने या दरपत्रकाकडे पाहा. वस्तू एकच. ती कोणाला ६१, कोणाला ३०, कोणाला १, तर कोणाला फुकट. तयार करण्याच्या खर्चावरून भाव ठरला असता, तर एवढी तफावत पडली नसती. भाव ठरला तो समोरचा किती अडला आहे आणि त्याच्याकडून काय काढून घेता येते यावरून. ज्याला पैसे मागितले नाहीत, त्याच्याकडून माहिती मागितली. उघडच आहे, त्या माहितीलाही बाजारात भाव आहे.

आणखी एक गोष्ट घडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपातील ग्राहक संघटनांनी या अटीविरुद्ध आवाज उठविला. तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांसाठी मांडणी साठविण्याची अट मागे घेतली आणि वर्षभराची ठिगळे मोफत देण्याचे मान्य केले. खाते मात्र तेथेही लागतेच. कंपनी तीच, सॉफ्टवेअर तेच. फरक एवढाच की, तेथील ग्राहक संघटित होता. एकट्या ग्राहकाने केलेली तक्रार ही विनवणी ठरते. संघटनेने केलेली तक्रार ही मागणी ठरते. चाळीत पाण्यासाठी, गिरणीत पगारासाठी ज्यांनी एकजूट केली, त्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

विकत घेतले की भाड्याने?

मुळात आपण संगणकाबरोबर विंडोज विकत घेतो, ही समजूतच चुकीची आहे. आपण न वाचता ज्या करारावर 'मान्य' असे बटण दाबतो, त्यात सॉफ्टवेअर विकलेले नसून केवळ वापरण्याचा परवाना दिलेला आहे असे स्पष्ट असते. परवाना देणारा अटी ठरवितो. अडोबी कंपनीने तर २०१३ मध्ये आपली चित्रे व छपाईची सॉफ्टवेअरे एकरकमी देण्याऐवजी वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. म्हणजे पूर्वी छोटा छापखानेवाला एकदा पैसे मोजून मोकळा होत असे, त्याला आता नव्या आवृत्तीसाठी कायमचे भाडे.

पुस्तकांचेही असेच. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण होते आणि ग्राहकांचे पैसेही परत केले. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफीही मागितली. पण मुद्दा उरतोच. कागदाचे पुस्तक विकणारा दुकानदार रात्री आपल्या घरात शिरून ते कपाटातून काढून नेऊ शकत नाही.

आणि घरात संगणक नसला तरी मोबाईल आहेच. काही जुन्या आयफोनचा वेग, बॅटरी जुनी झाल्यावर, सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते. नवी बॅटरी घातली की वेग परत येत होता. माहीत नसल्यामुळे कित्येकांनी नवा फोन घेण्याचा विचार केला असेल. पुढे फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरो भरावे लागले.

भंगार कोणाच्या दारात?

नवा घ्या, असे सांगणारा जुन्याचे काय होते ते सांगत नाही. दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे इलेक्ट्रॉनिक भंगारासाठी ओळखली जातात. तेथे माणसे हातोडीने संगणक फोडतात, तांबे काढायला तारा जाळतात, सोन्याच्या कणासाठी सर्किटे आम्लात बुडवितात. शिशाचा धूर छातीत जातो, आम्ल हातावर उडते. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तरी असंघटित मजुराच्या हातात हातमोजा आपोआप येत नाही. कचरा वेचण्याचे आणि घाण उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून चांगले यंत्र टाकून देणे ही केवळ पैशाची उधळपट्टी नाही. त्याचा धूर आपल्यासारख्याच कोणाच्या तरी मुलाच्या छातीत जातो.

दुसरा रस्ता आहे

यावर काही इलाज नाही, असे समजून हताश होण्याचे कारण नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना मांडली. सॉफ्टवेअर ज्याला हवे त्याने वापरावे, आतून पाहावे, सुधारावे आणि दुसऱ्याला द्यावे, ही ती कल्पना. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले. या दोन प्रयत्नांतून आणि हजारो माणसांच्या श्रमातून आजची लिनक्स उभी राहिली. कंपन्यांचे मोठमोठे संगणक तिच्यावर चालतात. आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे.

आपल्याच देशातील केरळ राज्याने शाळांमध्ये हा रस्ता धरला. तेथील 'काइट' या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविण्याचे ठरविले आणि त्यामुळे परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचतील असे सांगितले. मजुरांची मुले ज्या सरकारी शाळांत शिकतात, त्याच शाळांत हे घडले.

दुकानदार ज्याला भंगार म्हणतो, अशा बऱ्याच संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चालते. मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असली तर बरे. ते फुकट आहे आणि त्याला सुरक्षेची ठिगळेही मिळत राहतात. म्हणजे यंत्र मेलेले नव्हते, याचा हा रोख पुरावा. पत्रे व हिशेबासाठी लिब्रेऑफिस आहे, मराठी टंकलेखनाची सोय आहे.

मात्र डोळे झाकून उडी घेऊ नये. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. नोकरीच्या जाहिरातीत आणि संगणक वर्गात विंडोज व एमएस ऑफिसच मागितले जाते, म्हणून मुलांना तेही आले पाहिजे. काही प्रिंटर पटकन जुळत नाहीत. तेव्हा क्रम असा ठेवावा :

आधी घरातील फोटो, प्रमाणपत्रे, जातीचे दाखले व इतर कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न पुसता, तेथूनच चालवून पाहावी. आठ दिवस समाधान वाटले तरच कायमची बसवावी. वस्तीतील एखादा अभियांत्रिकीचा मुलगा वा मुलगी हे काम रविवारी दोन तासांत करील. त्यांना चहा पाजा आणि चार घरच्या मुलांना शेजारी बसवून शिकू द्या. जुना संगणक विकत घेताना, हा विंडोज ११ ला पात्र आहे काय, हे आधी विचारा व पावतीवर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि मागणीही केली पाहिजे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आला की, मोबाईल फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची दुरुस्ती आणि सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. वस्तूच्या खोक्यावर जशी किंमत छापतात, तशी 'या तारखेपर्यंत दुरुस्ती मिळेल' ही तारीखही छापली पाहिजे. गोळ्यांच्या पाकिटावर मुदत असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. मग महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीच्या यंत्रावर का नसावी?

घाम गाळून घेतलेल्या वस्तूचा घसारा घाम गाळणाऱ्याने ठरवावा, एवढेच आपले म्हणणे आहे. तोपर्यंत टेबलावरील त्या जुन्या संगणकावरचे झाकण काढा, धूळ पुसा आणि भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा चालू करून पाहा.