रात्री पाणी न देणं हाही छळच

"अब्बांना रात्री पाणी नका देऊ, अंथरूण ओलं करतात." असं बोलणारा वाईटच असतो असं नाही, थकलेला असतो. पण हाही छळच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० वर्षांवरील दर सहापैकी एका व्यक्तीला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो. छळ म्हणजे मारहाणच नव्हे. अंघोळ, कपडे, शौचास जाणं, पलंगावरून उठणं, यातलं एखादं काम जमेनासं झालं की माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर येतो. मग वजूसाठी हात द्यायला कुणी येत नाही, तुटलेला चष्मा तसाच राहतो, पेन्शनचं पासबुक दुसऱ्याच्या कपाटात जातं. तक्रार तरी कशी करणार? ज्याच्याविरुद्ध करायची, तोच जेवण वाढतो.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते, त्यासाठी वकील लागत नाही. सांभाळाच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ न झाल्यास, परतही मिळू शकतं; मात्र बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहून घ्या. इथंच बहुतेक अम्मी-अब्बा भिडेपोटी गप्प राहतात.

हेल्पलाइन १४५६७, मोफत. शेजाऱ्यानं फोन केला तरी चालतो.