आधी ऐकू येऊ द्या

शांतिसेना आणि रेडिओ या जोडीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण कंबोडियापासून सुरुवात करतात. मी काँगोपासून करतो, तेही 1960 च्या. 5 सप्टेंबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी लिओपोल्डव्हिलच्या (आताच्या किन्शासाच्या) रेडिओवरून पंतप्रधान लुमुम्बा यांना बडतर्फ केल्याचं जाहीर केलं. लुमुम्बा त्याच रात्री रेडिओवर पोहोचले आणि कासावुबूच आता राष्ट्राध्यक्ष राहिले नाहीत, असं त्यांनी देशाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांचे तिथले हंगामी प्रमुख अँड्र्यू कॉर्डियर यांनी रेडिओ केंद्रच बंद करवलं. हेतू भडका टाळण्याचा. पण नदीपलीकडे ब्राझाव्हिल होतं आणि तिथला रेडिओ कासावुबूंना खुला होता, लुमुम्बांना नव्हता. बंदी दोघांवर, तोंड मात्र एकाचंच बंद. त्याच आठवड्यात आपले राजेश्वर दयाळ कॉर्डियरच्या जागी रुजू झाले आणि हा सगळा गुंता त्यांच्या पदरात पडला.

या प्रसंगावर राजकारणाच्या अंगानं भरपूर लिहिलं गेलंय. आम्हा ट्रान्समीटरवाल्यांना त्यात दिसतं ते एवढंच, की पहाऱ्यावरच्या शिपायाला केंद्राच्या दाराला कुलूप लावता येतं, नदीवरून येणाऱ्या लहरींना नाही. त्यानंतर तीस वर्षं संयुक्त राष्ट्रांनी या विषयाला फारसा हात लावला नाही. 1989 मध्ये नामिबियात निवडणूक घेतली तेव्हा मोहिमेकडे स्वतःचं केंद्र नव्हतं. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि तिथल्याच सरकारी नभोवाणीला द्यायचे, असा मामला. तो आपण मागे टाकू.

आकाशवाणीच्या मध्यम लहर केंद्रांवर उमेदवारी करून मी पुढे शांतिमोहिमांमध्ये ब्रॉडकास्ट टेक्नॉलॉजी ऑफिसर म्हणून गेलो, त्यामुळे माझा कल कुठं असणार हे उघड आहे. परिसंवादांत ज्यांना पहिल्या रांगेत बसवतात ते संवादतज्ज्ञ 'संदेश' या गोष्टीवर तासभर बोलतात. संदेश कोणता, सूर कोणता, लक्ष्यगट कोणता. तो ज्या गावात पोहोचायचा तिथं तो ऐकू येतो का, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत, चहाची वेळ झाल्यावर निघतो. माझं म्हणणं उलट आहे. कोणती लहर वापरायची हा शांतिमोहिमेतला पहिला राजकीय निर्णय असतो. तो घेताना आपण ठरवत असतो की कोणाशी बोलायचं आणि कोणाला वगळायचं.

कंबोडियात हे कळलं होतं. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचा, अनटॅकचा, रेडिओ नोव्हेंबर 1992 मध्ये नोम पेन्हमधून सुरू झाला, मध्यम लहरीवर. ख्मेर रूजचा प्रचार असा होता, की तुम्ही कोणाला मत देता ते कळतं. ज्या देशानं पोल पॉटची वर्षं पाहिली, तिथं असं नुसतं पुटपुटलं तरी पुरतं. अनटॅकनं रोज, न कंटाळता सांगितलं की मत गुप्त आहे. निवडणुकीत उतरलेल्या वीसही पक्षांना बोलायला वेळ दिला, आरोप झाला तर उत्तराचा हक्क दिला. जपानमधून लाखांवर रेडिओ संच आले आणि खेड्यांत वाटले गेले. मे 1993 मध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. मोहिमेचे प्रमुख यासुशी आकाशी यांना त्याचं श्रेय मिळालं, कार्यक्रमवाल्यांनाही मिळालं, आणि ते रास्तच आहे.

जमिनीला मात्र कोणी श्रेय दिलं नाही. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते. जमीन ओली, सपाट आणि क्षारयुक्त असेल तर लहर लांब जाते. खडकाळ कोरड्या माळावर तीच लहर धापा टाकते. कंबोडियाचा मधला भाग म्हणजे मेकाँग आणि तोनले सापच्या काठची भातखाचरं. मध्यम लहरीला याहून चांगली वाट कुठली? भाताच्या चिखलानं लोकशाहीला हात दिला, असं मी एका परिसंवादात म्हणालो तेव्हा लोक हसले. मी विनोद करत नव्हतो.

त्याच सुमारास सोमालियात उलटं घडलं. जून 1993 मध्ये मोगादिशूत संयुक्त राष्ट्रांच्या पाकिस्तानी तुकड्या शस्त्रसाठ्यांच्या तपासणीला निघाल्या. तपासायच्या ठिकाणांत लष्करी सरदार ऐदीदच्या ताब्यातलं रेडिओ मोगादिशूही होतं. रेडिओ काढून घेणार, अशी हूल आधीच उठली होती. त्या दिवशी चोवीस पाकिस्तानी सैनिक मारले गेले. लोक रेडिओला किती जपतात हे समजायला याहून महाग धडा नसेल.

रवांडातल्या वंशसंहाराबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जुलै 1993 पासून आरटीएलएम हे खासगी एफएम केंद्र विष ओकत होतं. जनरल दालेर यांच्या शांतिसेनेकडे स्वतःचा ट्रान्समीटर नव्हता. मे 1994 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका टिपणात आरटीएलएमचं प्रक्षेपण विमानातून दाबण्याचा विचार नोंदला आहे आणि लगेच तो बाजूलाही सारला आहे: ताशी साडेआठ हजार डॉलर खर्च येईल आणि उपयोग बेताचाच होईल. या आकड्यावर जगभर संताप झाला, अजूनही होतो. माझा संताप वेगळ्या जागी आहे. जॅमिंगची चर्चा करण्याआधी, 1993 च्या शरदातच, किगालीच्या एखाद्या डोंगरावर शांतिसेनेचा एक बऱ्यापैकी एफएम ट्रान्समीटर का चढला नाही? डोंगराळ देश, दाट वस्ती, घरोघरी छोटे संच. एफएमसाठीच घडवलेला मुलूख! मी एफएमचा द्वेष्टा नाही. एफएमला सगळीकडे नेण्याचा द्वेष्टा आहे. मोहिमेचा रेडिओ किगालीत सुरू झाला तो 1995 मध्ये.

बोस्नियात नाटोच्या तुकड्यांनी ऑक्टोबर 1997 मध्ये सर्ब प्रजासत्ताकातले प्रक्षेपण मनोरे ताब्यात घेतले, पूर्व तिमोरमध्ये मोहिमेचं केंद्र देशाच्या नभोवाणीत विलीन झालं, सिएरा लिओनमध्येही पुढं तसंच झालं. हा भाग अहवालांत व्यवस्थित आहे आणि तितकाच रुक्ष आहे.

आता काँगोकडे परत येतो, कारण मला खरं बोलायचंय ते रेडिओ ओकापीबद्दल. 25 फेब्रुवारी 2002. दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला काँगोच्या सगळ्या गटांची बोलणी सुरू झाली, त्याच दिवशी ओकापी हवेत गेला. संयुक्त राष्ट्रांची मोहीम आणि स्वित्झर्लंडमधली इरोंदेल ही पत्रकारांची संस्था, असा संसार होता. तो 2014 पर्यंत टिकला. भाषा पाच: फ्रेंच, लिंगाला, स्वाहिली, चिलुबा, किकाँगो. देश तेव्हा आघाडीच्या रेषांनी फाटलेला. किन्शासातल्या माणसाला पूर्वेकडच्या गोमातल्या भावाची खबर नाही, रस्ते नाहीत, फोन नाहीत. अशा देशात एकाच बातमीपत्रात सरकारच्या ताब्यातल्या शहराची आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या शहराची बातमी लागोपाठ आली. तोपर्यंत तसं झालंच नव्हतं.

शहराशहरांतल्या एफएम केंद्रांना उपग्रहानं जोडलं होतं आणि त्यांचंच कौतुक फोटोंत दिसतं. पण काँगोचा आकार पाहा: आपला महाराष्ट्र सात वेळा मावेल. शंभर मीटरच्या मास्टवरून सपाट मुलखात एफएम साधारण 45-50 किलोमीटर चालतं. डोंगरावर चढवलात तर आणखी काही. उरलेल्या जंगलाचं काय? तिथं ओकापी पोहोचला तो लघुलहरीवर, किन्शासाच्या ट्रान्समीटरवरून आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मायर्टनच्या प्रक्षेपण केंद्रावरून. लघुलहर म्हटलं की आजच्या अधिकाऱ्यांना खरखर आठवते. मला बुकाव्हूच्या पलीकडे एका मिशनरी दवाखान्याच्या ओसरीवर वायरचा तुकडा आंब्याला बांधून बसलेले लोक आठवतात.

इथं तंत्राचं थोडं सांगायलाच हवं. लघुलहर म्हणजे फक्त लंडन-मॉस्कोची नभोवाणी नव्हे. अँटेना जमिनीपासून बेतानं खाली ठेवली, की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनमंडलावरून कारंज्यासारखी चारी बाजूंनी परत खाली पडते. डोंगर मध्ये आला तरी फरक पडत नाही, कारण ती डोंगराच्या डोक्यावरून येते. एका ट्रान्समीटरनं चारशे-पाचशे किलोमीटरचा घेर भरतो. दिवसा सहा-सात मेगाहर्ट्झ, रात्री त्याखाली. वाचकांतल्या जुन्या मंडळींना मुंबई केंद्राचं 4840 किलोहर्ट्झ आठवत असेल. कोकणातल्या आणि विदर्भातल्या आडगावांना ते याच हिशेबानं ऐकू यायचं. विषुववृत्ताजवळच्या देशांसाठी साठ आणि नव्वद मीटरचे हे पट्टे मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. शांतिमोहिमांनी त्यांचा उपयोग चिमूटभरच केला, आणि मी बैठकांमध्ये तो विषय काढला की समोरचे लोक घड्याळ पाहायचे.

काँगोत आणखी एक पीडा म्हणजे वीज. आकाशातली. पूर्व काँगोत पृथ्वीवरच्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या जागांपैकी एक आहे, आणि मास्ट म्हणजे विजेला आमंत्रण. तिथल्या तांबड्या मातीत पावसाळा सरला की अर्थिंगचा रोध भसाभस वाढतो. पुस्तकात लिहिलेल्या अर्थ रॉडनं काही होत नाही. आम्ही आकाशवाणीत शिकलो तसे खड्डे खणून मीठ-कोळसा भरला, पाणी घालायला माणूस नेमला. एका मोहिमेत (नाव नको) खरेदी विभागानं मिठाची मागणी तीनदा परत पाठवली: 'हे स्वयंपाकघराकडे वर्ग करावे.' दरम्यान ट्रान्समीटरचा एक्सायटर जळाला. त्याचा सुटा भाग विमानानं यायला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस त्या शहरात फक्त एका सशस्त्र गटाचा रेडिओ वाजत होता.

मग डिझेल. मास्टवर चढणाऱ्याचं कौतुक होतं, जनरेटरच्या टाकीत काठी बुडवून पातळी पाहणाऱ्याचं होत नाही. मला विचाराल तर शांतिरेडिओचा सर्वांत महत्त्वाचा कर्मचारी हाच. तो स्थानिक असतो, त्याचा पगार सर्वांत कमी असतो, आणि रात्री गोळीबार सुरू झाला की आम्ही परदेशी तंबूत आडवे होतो तेव्हा तो टाकीपाशी असतो. ओकापीचे दोन पत्रकार, सर्ज माहेशे 2007 मध्ये आणि दिदास नामुजिंबो 2008 मध्ये, बुकाव्हूत गोळ्या घालून मारले गेले. त्यांची नावं केंद्रात आदरानं घेतली जातात आणि घेतली पाहिजेत. तंत्रज्ञांची नावं कोणत्याही भिंतीवर नसतात.

सुदानचा धडा निराळा. मोहिमेच्या यजमान सरकारशी झालेल्या करारात रेडिओ चालवायचा हक्क लिहिलेला असतो. लिहिलेला असणं आणि मिळणं यांत बरंच अंतर. 2006 मध्ये दक्षिण सुदानातल्या जुबातून मोहिमेचा रेडिओ मिराया सुरू झाला, 101 मेगाहर्ट्झवर. दक्षिणेत तो घराघरांत गेला, पण उत्तरेत खार्तूमनं वारंवारिता दिलीच नाही. दारफूरच्या मोहिमेचीही तीच गत: स्वतःचं केंद्र कधीच उभं राहू दिलं नाही, कार्यक्रम सरकारी नभोवाणीवर लावून घ्यावे लागले. एफएमचं हेच तर दुखणं आहे. मनोरा त्यांच्या जमिनीवर, परवाना त्यांच्या सहीचा. दारफूरच्या लोकांपर्यंत त्या काळात पोहोचला तो रेडिओ दबंगा, नेदरलँड्समधून चालणारा, लघुलहरीवर. त्याला खार्तूमची सही लागली नाही.

आता आजचं. लायबेरियाचा मोहीम-रेडिओ 2018 मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसंघटनेकडे गेला, त्याआधी आयव्हरी कोस्टचा तिथल्या एका शांतता प्रतिष्ठानाकडे. मालीतली मोहीम 2023 अखेर गुंडाळली गेली आणि तिच्यासोबत तिचा रेडिओ मिकाडो एफएमही. या हस्तांतरांचे समारंभ नीट होतात. हस्तांतर यादीत मिक्सर आणि खुर्च्या असतात. पुढच्या वर्षीचं डिझेल नसतं. नव्या मोहिमांच्या आराखड्यांत 'डिजिटल पोहोच' या मथळ्याखाली छोटे व्हिडिओ आणि संदेशगट येतात. तरुण सल्लागार मला सांगतात, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे. आहे ना. डिसेंबर 2018 मध्ये काँगोत मतदान झालं, दुसऱ्याच दिवशी सरकारनं इंटरनेट बंद केलं, ते जानेवारीत उघडलं. मधल्या काळात फ्रेंच नभोवाणीचं किन्शासातलं एफएमही तोडलं. एक कळ दाबली की जे बंद पडतं त्याच्या भरवशावर मतदाराला ठेवायचं?

बीबीसीनं जानेवारी 2023 मध्ये आपली अरबी नभोवाणी बंद केली, पंचाऐंशी वर्षांनी, खर्च वाचवायला. एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटलं. मे महिन्यात त्याच बीबीसीला सुदानसाठी तातडीची सेवा सुरू करावी लागली, आणि ती कशावर? लघुलहरीवर. मी ती बातमी पुण्यात वाचली आणि कधी नव्हे ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, तुम्ही हे गेली कित्येक वर्षं सांगताय, आता जेवायला या.

आपल्याकडंही वेगळं काही नाही. आकाशवाणीचे मध्यम लहर ट्रान्समीटर एकेक करून निवृत्त होताहेत, लघुलहरीची तर नावनिशाणीही फारशी उरली नाही. मास्टच्या बुडाशी चौफेर पुरलेल्या तांब्याच्या तारा चोर उपसून नेतात, आणि त्या परत पुरायचं कसब असलेली माणसं माझ्यासारखी लेख लिहीत बसली आहेत. पुढच्या मोहिमेला असा इंजिनिअर लागला तर तो कुठून आणायचा, हे मला ठाऊक नाही, कारण ते शिकवणारी केंद्रंच बंद पडताहेत.

अलीकडे एका मोहिमेच्या तयारीत असलेल्या मुलीनं फोन केला होता. इंजिनिअर आहे, मराठवाड्यातली. आराखड्यात तिला तीन एफएम मास्ट दिले होते आणि मुलूख आहे बेळगावपासून नागपूरपर्यंतचा वाटावा एवढा. काका, काय करू, म्हणाली. मी म्हटलं, तीनपैकी एक मास्ट सोड. त्या पैशात एक किलोवॉटचा एक लघुलहर ट्रान्समीटर माग. दोन खांब, दहा-बारा मीटरचे. मध्ये तीसेक मीटर तार, साठ मीटर पट्ट्यासाठी मधोमध फीड. बरोबर मीठ-कोळसा लिहून ठेव, आणि मागणीपत्रावर 'अर्थिंगसाठी' असं ठळक लिही, नाहीतर ते स्वयंपाकघरात जाईल. परवान्याचं विचारलं तर म्हण, तात्पुरता चाचणी ट्रान्समीटर आहे. चाचण्या वर्षानुवर्षं चालू शकतात.