बाहेरचा काटा

प्रबंध जमा व्हायची वेळ आली की गाईडकडून परीक्षकांची यादी मागितली जाते. नाव, हुद्दा, विषय, पत्ता, ईमेल. बारामतीत माझ्या टेबलावर तो फॉर्म दोन दिवस पडून होता. विद्यार्थी इंदापूर तालुक्यातला, विषय भूगोलाचा : नीरा डाव्या कालव्याकाठच्या क्षारपड जमिनी. १८८५मध्ये हा कालवा सुरू झाला, शिवारं बागायती झाली आणि निचरा नसलेल्या रानांत मीठ वर आलं. पोरानं पाच वर्षं मातीच्या पिशव्या वाहिल्या होत्या.

नावं मात्र मला चहा संपेपर्यंत सुचली. तिथंच शंका आली. मग पेन्सिल घेऊन बसलो. पहिले माझे गुरुबंधू, दोघांचा गाईड एकच. काट. दुसऱ्यांबरोबर अलीकडेच पेपर छापलेला. काट. तिसऱ्यांच्या विद्यार्थिनीची व्हायवा मी घेतलेली. आता त्यांना बोलावणं म्हणजे आहेराची परतफेड. काट. चौथ्यांच्या प्रयोगशाळेत आमचे नमुने तपासलेले, ऋणनिर्देशात त्यांचं नाव. काट.

नोकरीच्या निकषावर यातलं एकही नाव बाद होत नव्हतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे गाईडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक लागतात. ते त्या संस्थेत नोकरीला नसावेत आणि शक्य असेल तिथं एक परदेशातला असावा. एकानं प्रबंध नापसंत केला तर तो मंजूर यादीतल्या दुसऱ्याकडे जातो. त्यानंही नाकारला तर विषय संपला. पण हा नियम पगारपत्रक बघतो, पंगत बघत नाही. यादीतले सगळे एकाच पंगतीतले असले, तर वरून कुणीही कुणालाही निवडलं तरी ताट तेच.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका मित्राच्या विद्यार्थ्याचा प्रबंध माझ्याकडे आला होता. एका प्रकरणातली आकडेवारी डळमळीत होती. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं, अहवालात मात्र उतरवलं नाही. व्हायवाला दोन सोपे प्रश्न, मग जेवण, मग शाल. ती शाल अजून कपाटात आहे.

त्याच आठवड्यात विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. यादी का अडली ते सांगितलं. ऊसवाला माणूस, लगेच म्हणाले, "सर, कारखान्यावर जायच्या आधी आम्ही खेप बाहेरच्या काट्यावर घालतो. वळखीचा काटा काय कामाचा?"

यादी नव्यानं भरली. आता कसोटी एकच : ज्यांचं लेखन वाचलंय, पण ज्यांच्याशी देणंघेणं नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञांचं नाव लिहिलं. त्यांना मी कधी भेटलेलो नव्हतो. बाकीची नावं शोधायला तीन आठवडे गेले.

पुढे दोन अहवाल आले. दोघांनीही व्हायवाची शिफारस केली होती. पण एकात अकरा आक्षेप होते. विहिरींचं पाणी फक्त उन्हाळ्यात का तपासलं, हा पहिलाच. पोराचा चेहरा उतरला. व्हायवात त्यानं नऊ आक्षेपांना उत्तरं दिली आणि दोन सरळ मान्य केले.

घरी येऊन मी याच प्रबंधावर गाईड म्हणून लिहिलेला माझा स्वतःचा अहवाल काढला. त्या अकरांपैकी एकही त्यात नव्हता.